निस्तरायला उल्का

अमरावतीच्या शाळेत उल्का वानखडे सॉफ्टबॉल खेळू लागली, तेव्हापासूनच हे काम तिच्या गळ्यात पडलं. दुसरीनं खेळाची माती करायची आणि उल्कानं जाऊन ती निस्तरायची. सॉफ्टबॉल ही बेसबॉलचीच बहीण. चेंडू थोरला आणि तो पिचरनं हात खालून फिरवून फेकायचा. तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तिन्ही थांब्यांवर, समोरच्या संघाच्या मुली उभ्या राहिल्या की भल्याभल्या पिचरचा हात कापायचा. उल्काचा कापत नसे, आणि हाच गुण तिला महागात पडला. शाळेत, विद्यापीठात, राज्याच्या संघात, पहिला चेंडू तिच्या हाती कुणी दिला नाही. आग लागली की बाकावरून तिला हाक यायची. बक्षीस घ्यायला मात्र आग लावणारी पुढे.

लग्न करून ती २०११ साली सिंगापूरला, टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये आली. तिथं पुण्याच्या निशिकांत गोगट्यांनी बायकांचा संघ काढला होता. पिचर त्यांची बायको, स्मिता.

"स्मिता सुरुवात करील," निशिकांत म्हणाले. "तू मागून सांभाळ."

पाच वर्षं तिनं सांभाळलं. दरवर्षी क्लबच्या जेवणात उत्तम पिचरचं मानचिन्ह स्मितावहिनींना मिळे आणि उल्काला टाळ्या. नवरा, प्रबोध, तिला चिडवी, "तुझं नाव फायर ब्रिगेडमध्ये घालू का?" तिला हसू येत नसे.

२०१६च्या अंतिम सामन्याआधी ती निशिकांतना सरळ म्हणाली, "दादा, या वेळी मला आत घेतलंत तर शेवटचा चेंडू मीच टाकणार."

"दिला शब्द."

पाचव्या डावात वहिनींनी तिन्ही बेस भरून ठेवले. हाक आली. उल्कानं एकही धाव न देता तो डाव मिटवला, पुढचाही मिटवला. संघ एका धावेनं पुढे होता आणि समोरच्यांचा सातवा, शेवटचा डाव तेवढा राहिला होता. इतक्यात निशिकांत मैदानात आले.

"छान झालं. आता शेवट स्मिताला करू दे. प्रायोजक आलेत, फोटो व्हायचेत."

"दादा, तुम्ही शब्द दिला होता."

"अगं, कप संघाचाच ना?"

"आणि मी बदली खेळाडू आहे. वहिनी सुरुवातीला होत्या म्हणून त्यांना एकदा परत येता येतं. मी बाहेर गेले की गेले."

"तुला परत कशाला यायचंय? तिघींना तर बाद करायचंय."

ती बाकावर जाऊन बसली. वहिनींनी एकीला बाद केलं, मग चेंडू भरकटू लागले. बघता बघता तिन्ही बेस पुन्हा भरले.

"उल्का, ऊठ," निशिकांत ओरडले.

ती उठली नाही. ते पंच बाईंकडे धावले. बाईंनी खेळाडूंच्या यादीवर नजर टाकून नकारार्थी मान हलवली आणि सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, "कॅनॉट लाह. शी ऑलरेडी आऊट."

पुढच्याच फटक्यावर दोन धावा गेल्या आणि त्यांच्याबरोबर कपही गेला.

नंतर हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांपाशी, सगळ्या जेवायला बसल्या असताना निशिकांत म्हणाले, "नियम तुला माहीत होता ना, मग जोर देऊन सांगायचं होतंस. तुझ्यामुळे घात झाला."

एवढ्यात स्मितावहिनी खाली बघत म्हणाल्या, "तिनं सांगितलं होतं, निशी. मी ऐकत होते."

"मग तेव्हा का नाही बोललात, वहिनी?" उल्कानं विचारलं.

निशिकांतनी घाईघाईनं पुढच्या हंगामात तिला सुरुवात द्यायचं कबूल केलं.

"तुमचे शब्द ठेवा तुमच्यापाशी," उल्का म्हणाली आणि अंगातली जर्सी दुसऱ्या दिवशी धुऊन परत केली.

पुढच्या हंगामात ती जुरोंग ईस्टच्या संघात गेली, एका अटीवर: पहिला चेंडू तिचा. पहिल्याच सामन्यात, चौथ्या डावात, तिच्याकडूनच तिन्ही बेस भरले. नव्या प्रशिक्षक बाईंनी बाकावरच्या पोरीकडे पाहिलं. ती उठू लागली.

उल्कानं तिला हातानंच खाली बसवलं. "मी भरलेत," ती म्हणाली, "मीच रिकामे करीन." आणि तिनं हात फिरवला.