अल्ला मियाँचं मीटर

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही देवासला आलो आणि दोन हजार सालानंतर, पन्नाशी ओलांडल्यावर, मी तिथल्या एका दवाखान्यात समुपदेशक झाले. एचआयव्हीच्या गोळ्या तेव्हा बारा-बारा तासांनी, जन्मभर घ्याव्या लागत. त्या कुणी मध्येच सोडत नाही ना, हे पाहणं माझं काम. गोळ्यांच्या वेळांचा प्रत्येकाचा तक्ता मी पट्टीने आखलेला, त्यात खाडाखोड मला खपत नसे.

रमजानमध्ये एक विधवा आली. ओढण्यांना गोटा, म्हणजे जरीची किनार, लावून दोन शाळकरी मुलींना वाढवत होती. तिची गोळ्यांची बाटली जवळजवळ भरलेलीच.

“मॅडम, रोज़े में गोली कैसे निगलूँ?”

गोळ्या सुटल्या तर आजार उसळतो, पुढे त्याच गोळ्या लागू पडत नाहीत, मुलींचं काय होईल, असं मी अर्धा तास समजावलं. ती म्हणाली, “आपको रोज़े का क्या मालूम? आप तो पंडितों के घर से हो.”

बोलणं लागलं, पण खरं होतं. तिला विचारून, तिचं नाव न घेता मी जवळच्या मशिदीतल्या मौलानांना भेटले. ते म्हणाले, आजाऱ्याला रोजाची सूट आहे. शरीर ही अल्लाने सांभाळायला दिलेली वस्तू आहे. तिला तर रोजे सोडायचे नव्हते. मग डॉक्टरांनी तिला तपासलं आणि एक गोळी पहाटे सहरीच्या खाण्याबरोबर, एक संध्याकाळी रोजा सोडताना इफ्तारला, असं ठरवून दिलं. तो सप्टेंबर होता, अंतर तेरा तासांचं, चालेल म्हणाले.

मी तिला माझ्या हिंदीत ऐटीत सांगितलं, “मौलाना साब बोले, शरीर अल्ला की अनामत है.”

“अनामत क्या?”

“वो, बिजली के मीटर के लिए भरते हैं ना!”

ती तोंडाला ओढणी लावून हसत सुटली. “अल्ला मियाँ का मीटर! अमानत बोलो मॅडम, अमानत.” मग तोच शब्द स्वतःशी पुन्हा म्हणाली आणि बाटली पिशवीत नीट ठेवली.

ईदनंतर शेवयांच्या डब्याशेजारी तिने रिकामी बाटली ठेवली. “लो, आपकी अनामत.”

तक्त्यात त्या महिन्याच्या रकान्यातलं ‘सकाळ-संध्याकाळ’ खोडून मी तिच्यासमोर ‘सहरी-इफ्तार’ लिहिलं. पुढच्या रमजानला रोजे धरणाऱ्या सहा जणांसाठी असे तक्ते लागले. ते मी मुळातच तसे आखले.