म्हशींचं तळं

आमच्या कॉलनीच्या जागी पूर्वी तळं होतं. नव्वदनंतर ते मुरूम टाकून बुजवलं, प्लॉट पडले आणि एक मी हौसेनं घेतला.

तरी एक गवळी रोज दुपारी आपल्या म्हशी माझ्या फाटकापाशी आणायचाच. त्या जमीन हुंगत उभ्या राहायच्या, हा काठीवर हनुवटी टेकून.

मी ओरडायचो, "इथं तळं नाही आता!"

"म्हशींस्नी म्हाईत हाय की, कुठं हाय त्ये."

एका पावसाळ्यात चहूकडचं पाणी उतरून माझ्या अंगणात कमरेएवढं साचलं. जिन्यातून पाहिलं, तर म्हशी आत शिरून निवांत डुंबत होत्या.

मी खेकसलो, "उठवा त्यांना!"

फाटकापाशी काठीवरची हनुवटी न उचलता गवळी म्हणाला, "म्हशी उठीवतो की, पावणं. पाण्याला कोण उठीवणार?"