दुमानचं शेपूट

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं म्हणणाऱ्याने एकदा तुर्कस्तानातल्या कांगल गावच्या वेसेलला भेटायला हवं होतं. त्याचं दुखणं नेमकं उलटं होतं. त्याच्या कुत्र्याचं, दुमानचं, शेपूट वाकडं व्हायलाच तयार नव्हतं.

वेसेल मेंढपाळ, स्वभावाने अगदी गरीब. लग्न आईने जमवलं, घर सासऱ्याने बांधलं आणि बाकी सगळं बायको गुलिझार ठरवायची, त्याला थंडी वाजते आहे की नाही हेसुद्धा. दुमान मात्र त्याने स्वतः निवडला होता. "भेसळीचं पिल्लू आणलंस रे," म्हणून गाव हसलं, तरी त्याने जवाचं पीठ कालवून कालवून त्याला वासराएवढा केला. आज जत्रेतल्या कुत्र्यांच्या तपासणीत तो अस्सल कांगल जातीचा ठरला तर ठीक. नाहीतर वेसेलची आयुष्यातली एकुलती एक निवडही चुकली, हे चारचौघांत सिद्ध होणार होतं.

सिवास शहरातून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी दुमानला नाकापासून तपासायला घेतलं. तोंडाला काजळी फासल्यासारखा काळा मुखवटा, कान काळे आणि लोंबते, अंग वाळल्या गवताच्या रंगाचं, छाती रुंद. सगळं पसंत पडलं.

"आता शेपूट. कुत्रा सावध झाला की ते पाठीवर कड्यासारखं वळायला हवं. करा बघू सावध."

वेसेलने टाळ्या वाजवल्या. ढोलवाल्याला जवळ उभा करून ढोल बडवायला लावला. शेवटी स्वतः लांडग्यासारखा ओरडला, तेव्हा लोक पोट धरधरून हसले. दुमानने जांभई दिली आणि तो आडवा झाला.

गर्दीतून गुलिझार आलीच.

"अहो, लांडगे कसले होताय? मेंढी तरी भिईल का तुम्हाला? तुमची स्वतःची मान कधी ताठ झालीय, म्हणून त्याचं शेपूट वर होईल? सांगितलं होतं, दुसरं पिल्लू घ्या! पण माझं ऐकतंय कोण!"

हे तर रोजचंच होतं. दुमानने समाधानाने डोळे मिटले.

डॉक्टरांनी निकाल लिहायला पेन उघडलं. "वाईट वाटतं हो, वेसेलभाऊ, पण..."

वेसेलने दुमानच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याचे डोळे भरून आले. गुलिझारच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. तिची नजर नवऱ्याच्या चेहऱ्याकडे गेली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हे कधी पाहिलं नव्हतं. तिचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

दुमानने एक डोळा उघडला, मग दुसरा. मालकीण गप्प आहे, म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय, हे त्याने ओळखलं. तो उठला, दोघांच्या पुढ्यात उभा राहून डॉक्टरांवर गुरगुरला आणि शेपूट गर्रकन पाठीवर वळलं.

"लवकर लिहा, डॉक्टरसाहेब," वेसेल डोळे पुसत म्हणाला. "ती फार वेळ गप्प बसणार नाही."