चौकटीतून कापलेली ज्वारी

जळकोटच्या फाट्यावरून सोलापूरची एसटी सव्वासातला मिळायची. मी गाव सोडलं त्या सकाळी ती वीस मिनिटं उशिरा आली. अप्पा, म्हणजे माझे वडील, तेवढा वेळ माझी बॅग खांद्यावर घेऊन उभे होते. खाली ठेवा म्हटलं तर ठेवली नाही. आईला आम्ही अव्वा म्हणतो. ती म्हशीची धार काढायची म्हणून घरीच थांबली होती. धार काढून झाली होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पुण्यातल्या वर्तमानपत्राची नोकरी, भाड्याची खोली, पगार, यातल्या कशावरही अप्पा बोलले नाहीत. गाडी दिसली तेव्हा एवढंच म्हणाले, "तिथं रान न्हाई म्हणत्यात. तरीबी चालत जात जा. गाडीतनं कायबी दिसत न्हाई."

हे मी दोन प्रकारच्या माणसांसाठी लिहिते आहे. एक, जळकोटात राहिलेली, ज्यांनी पुढे अप्पांची वर्षभर चेष्टा केली. दुसरी, माझ्यासारखी निघून आलेली, जी शहराला हवं तसं गाव शहराला सांगतात. दोघांनाही घडलेलं नीट माहीत असावं.

घरापासून रान दोन किलोमीटर. शाळेला सुटी असली की मी अप्पांबरोबर चालत जायची. रस्त्यात ते चारदा तरी थांबायचे. तरवडाच्या शेंगा, मुंग्यांनी वारुळाबाहेर आणून टाकलेली फोलपटं, बांधावर सापाची कात. प्रत्येक वेळी "बघ" म्हणायचे आणि पुढे चालायला लागायचे. समजावून सांगायची त्यांना सवय नव्हती. मला वस्तू नीट बघता येते असं संपादकांनी माझ्या मुलाखतीत म्हटलं, तेव्हा ते कुठून आलं हे सांगायची मला लाज वाटली. कॉलेजचं नाव सांगितलं.

नोकरी पानं लावण्याची होती. बातमी कापायची, मथळा द्यायचा, फोटो चौकटीत बसवायचा, त्याखाली ओळ लिहायची. दुसऱ्या पगारात मी कॅमेरा घेतला आणि येळवसाला गावी गेले.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी घरांना कुलपं असतात आणि गाव रानात असतं. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोप, आत पांडव म्हणून पुजलेले चुना लावलेले पाच दगड, समोर आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. अनोळखी माणूस बांधावरून चालला असला तरी त्याला हाताला धरून जेवायला बसवतात. त्या दिवशी ज्वारी पोटऱ्यात होती, म्हणजे कणसं अजून पानांच्या पोटातच होती. जेवण झाल्यावर अप्पा बांधावर उभे राहिले आणि उन्हासाठी कपाळावर हात धरून वर बघू लागले. ज्वारीवर कापशी घार एका जागी पंख हलवत थांबली होती. खाली उंदीर दिसला की ती दगडासारखी पडते. "थांब, पडंल आता," अप्पा म्हणाले. मी फोटो काढला. कापशी पडली. अप्पा हसले. हसतानाचा फोटो निघाला नाही.

मे महिन्यात पाणीटंचाईचं पान लागत होतं. संध्याकाळचे सात. बातमीदाराचा फोटो आला नव्हता. वृत्तसंपादकांनी विचारलं, "धाराशिवकडचा एखादा शेतकरी आहे का कुणाकडं? वर बघणारा?"

माझ्याकडे होता. मी तो पडद्यावर उघडला. खालचा भाग हिरवी ज्वारी होता. मे महिन्यात ती चालली नसती, म्हणून कापली. वरच्या कोपऱ्यात कापशी होती. लक्ष तिकडे गेलं असतं, म्हणून कापली. उजवीकडे कोपेची कड आणि अव्वाचा ताट धरलेला हात होता; तोही कापला. उरला एक म्हातारा, कपाळावर हात, वर रिकामं आभाळ. ओळ मीच लिहिली : 'पावसाच्या प्रतीक्षेत. तुळजापूर तालुक्यातील जळकोट येथील शेतकरी.' या सगळ्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. वृत्तसंपादक म्हणाले, "झकास." मला बरं वाटलं. हे इथं लिहिणं आवश्यक आहे, कारण पुढे मी इतरांवर रागावणार आहे.

फोटो छापून आल्यावर पाचव्या दिवशी एक गाडी चौकशी करत आमच्या दारात आली. आत एका सेवाभावी मंडळाची चार माणसं, एक बॅनर आणि धान्याचं किट. अप्पा नुकतेच जेवून उठले होते. पुढचं अव्वाने मला फोनवर सांगितलं.

बॅनर धरून झाल्यावर त्यातला एक अप्पांना म्हणाला, "काका, किट हातात घ्या. आणि चेहरा जरा पडलेला ठेवा."

"पडायला काय झालंय?" अप्पा म्हणाले. "आत्ताच जेवलोय म्या."

"पेपरात फोटो आलाय तुमचा."

"माझा? कशापायी?"

त्यांनी मोबाइलवर दाखवला. अप्पांनी चष्मा मागवला, फोटो पाहिला, खालची ओळ वाचली. ती कुणी लिहिली असेल हे त्यांना लगेच कळलं असणार. पेपरात मी काय काम करते, हे ते गावभर सांगत असत. त्यांनी मोबाइल परत दिला आणि पाहुण्यांना जेवायला बसवलं. भाकरी, शेंगांची चटणी, ताक. चौघे पोटभर जेवले. निघताना अप्पांनी किट उचलून त्यांच्या डिक्कीत ठेवलं आणि शेजारी दोन पायल्या ज्वारीचं गठुडं.

"अहो, हे कशाला?"

"ऱ्हाऊ द्या. लांबनं आलाव. तुमच्याकडं पिकत नसंल."

अव्वा हे हसत सांगत होती. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "त्येंनी तुझं नाव न्हाई काढलं. दिवसभर न्हाई काढलं."

मी खुलासा छापायला सांगितलं. वृत्तसंपादकांनी पान समोर धरलं. "गाव चुकलंय?" नाही. "माणूस शेतकरी नाही?" आहे. "टंचाई नाही?" काही गावांत होती. "मग खुलासा कशाचा?" मी म्हटलं, फोटो जेवणाच्या सणाचा आहे, ते वडील आहेत माझे, ते घार बघत होते. "तूच कापलास ना?" हे बरोबर होतं. पण त्या पानावरचा एकेक शब्द खरा असून पान खोटं होतं, हे त्यांना कळत होतं. इतक्या वर्षांचे संपादक होते ते. आमच्या जिल्ह्याचे जेवढे फोटो मी पुढे त्या संगणकावर शोधले, त्यांत भेगाळलेली जमीन, रिकामे हंडे आणि वर बघणारे म्हातारे होते. कमरेएवढी ज्वारी एकाही फोटोत नव्हती. ती आमच्याकडे दर वर्षी येत नाही हे खरं. येते तेव्हा कुणी कॅमेरा घेऊन येत नाही, हेही खरं.

मी राजीनामा दिला नाही. दिला असता तर लिहायला बरं दिसलं असतं. मी फोटोंच्या पानावरून बदली मागितली आणि बाजारभावांचं पान लावू लागले.

गावात फाट्यावरच्या हॉटेलात अप्पा चहाला गेले की कुणीतरी विचारायचं, "काय मालक, दिसला का पाऊस वर?" बाकीचे हसायचे. अप्पा चहा पिऊन उठायचे. पुढच्या येळवसाला मी गेले तेव्हा त्यांच्याबरोबर रानात चालले. दोन किलोमीटरमध्ये ते एकदाही थांबले नाहीत. डोक्यावरून पक्ष्यांचा थवा गेला, आवाज करत गेला, आणि अप्पा रस्त्याकडे बघत राहिले. ज्यांनी हॉटेलात विनोद केले, त्यांनी हे वाचावं. एका माणसाने वर बघणं सोडलं. सुरुवात मी केली, पण वर्षभर चालवलं तुम्ही.

मी मोबाइल बाहेर काढला की ते बाजूला सरकायचे. रागाने नाही. झाडाला पाणी घालायचं राहिलंय असं एकदम आठवावं तसे.

पुण्यात माझ्या खोलीमागे टेकडी आहे. पेपरमधली माणसं तिथे व्यायामाला जातात, पावलं मोजतात. मी सकाळी तिथे जाऊ लागले, कारण घरात बसवत नव्हतं. पहिले काही महिने मला टेकडीचाही राग यायचा. लवकर हिरवी दिसावी म्हणून लावलेलं गिरिपुष्प सगळीकडे, आणि त्याच्या सावलीत फारसं काही उगवत नाही. मग उताराच्या कडेला, आमच्याकडे असतो तसा, एक काटेरी हिवर सापडला. त्याच्या बुंध्याशी आघाडा आणि तरवड. मी त्याच वाटेने रोज जाऊ लागले. माणसांचे फोटो काढायचे नाहीत एवढं ठरवलं. साल, शेंग, पानावरची अळीची वाट, गळालेल्या पाकळ्यांवरून गेलेल्या चपलेचा ठसा. एकदा लक्षात आलं की मी चालताना थांबते ती अंतरं ओळखीची आहेत. दोन किलोमीटरमध्ये चार-पाचदा.

फोटो मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाड कागदावर छापून घेते. घरी कात्री, मैद्याची खळ आणि कार्यालयातून आणलेले वर्तमानपत्रांचे कोरे काठ, छपाईनंतर कापून टाकतात ते. डेस्कवर चौकट आधी असायची आणि जे बसत नाही ते जायचं. इथे तुकडे आधी असतात. हिवराची फांदी कागदाबाहेर गेली तर शेजारी दुसरा कागद जोडते. माझं एक कोलाज दारातून आत येत नाही एवढं झालं आहे. मला चित्रकला येत नाही. टाकलेलं परत जोडता येतं.

अशा चाळीसेक कामांनंतर मी तो जुना मूळ फोटो मोठा छापून घेतला. खाली ज्वारी, वर कापशी, उजवीकडे अव्वाचा हात, मध्ये अप्पा. चारी बाजूंना टेकडीवरची पानं आणि आमच्या बांधावरून आणलेली. पेपरने जो खुलासा छापला नाही तो हा आहे, असं माझ्या मनात होतं. एका सभागृहात काही जणांचं एकत्र प्रदर्शन होणार होतं. आयोजक बाई सगळी कामं बघून म्हणाल्या, "छान आहे. पण इतकं हिरवं? तुम्ही धाराशिवच्या ना? एखादी भेग असती तर लोकांना पटकन कळलं असतं."

मी म्हटलं, "भेग माझ्याकडे नाही." त्या हसल्या. मी हसले नाही. अप्पांचा फोटो मात्र त्यांना फार आवडला. 'चेहरा काय बोलतो' म्हणाल्या.

या वेळी मी विचारायला गावी गेले. कोलाज गुंडाळून एसटीने नेलं आणि ओसरीत उलगडलं. अप्पा खाली बसून बराच वेळ बघत होते. कापशीवर बोट ठेवलं. ज्वारीवरून हात फिरवला.

"इचारायला आलीस?"

"हो. हा पुण्यात लावू का? लोकांना खरं काय होतं ते दिसेल."

"मागल्या बारीला इचारलं न्हवतंस."

"नाही."

"आता इचारतीस, तर न्हाई म्हणतो." आवाज चढलेला नव्हता. "कापशी ठेव, ज्वारी ठेव. तुझ्या अव्वाचं तिला इचार. मला काढ."

मी म्हणाले, "अप्पा, तुमच्यासाठीच केलंय हे सगळं."

"त्ये पेपरातलंबी कुणासाठी तरी केलं असशील."

अव्वा आतून म्हणाली, "माझा हात ऱ्हाऊ दे गं. ताट माझ्या माहेरचं हाय." मग तिने मला कात्री आणून दिली. मी अप्पांसमोर, त्यांच्याच कडेने, त्यांना कापून काढलं. खांद्यापाशी ज्वारीचं एक पान येत होतं, ते वाचवायला वेळ लागला. ते बघत होते. झाल्यावर म्हणाले, "चल, जेवून घे."

पुण्यातल्या प्रदर्शनात ते कोलाज तसंच लागलं, मध्ये माणसाच्या आकाराचं भोक आणि त्यातून मागची भिंत दिसते असं. कुणी दुष्काळाबद्दल विचारलं तर मी 'जळकोट, येळवस, ज्वारी पोटऱ्यात' एवढंच सांगितलं. पेपरवरचा माझा राग गेलेला नाही, स्वतःवरचाही नाही, आणि तो जावा असं मला वाटत नाही. पण घर कुठलं असं कुणी विचारलं, तर पूर्वी मी गावाचं नाव सांगून थांबायची. आता मनात येतं ते असं : जिथं मला तोंडावर नाही म्हणतात, आणि मग ताट वाढतात.

अप्पांचा कापलेला तुकडा माझ्याकडे नाही. जेवण झाल्यावर त्यांनी तो मागून घेतला. त्याचं त्यांनी काय केलं, ते मी विचारलेलं नाही.