धुतलेला डबा

मी अंगणवाडीत काम करते. कुणी काय खावं, किती खावं, हे सांगण्यात माझी वीस-एक वर्षं गेली. तळेघरच्या वाड्यांवर चालत जाऊन मी बायकांना नाचणीचं महत्त्व सांगितलं. ज्यांच्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या नाचणीच भाजली गेली, त्यांना! त्या बिचाऱ्या हसू दाबून ऐकून घ्यायच्या.

आमचे हे दुधाचा टेम्पो चालवतात. पहाटे चारला शिनोलीतून निघायचं, गावोगावचे कॅन उचलायचे, डेअरीवर उतरवायचे आणि मग दुपारची फेरी. पोटात आधी चहा-खारी, मग चहा-वडापाव, मग नुसताच चहा. असं लग्नाआधीपासून चाललंय. दुपारच्या जेवणाचा तेवढा मी डबा द्यायचे. दोन भाकरी, भाजी, ठेचा. संध्याकाळी तो लख्ख धुऊन परत यायचा. शेजारीण म्हणायची, "ताई, तुमचं नशीब लई भारी. आमच्या ह्यांना सोताचं ताट उचलायचं म्हाईत न्हाई." खोटं कशाला बोलू, मीही मिरवायचे.

गेल्या दोन-तीन वर्षांत यांचं बोलणं आटत गेलं. टेम्पोतली गाणी बंद झाली. सुट्टीच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी म्हटलं, पित्त असेल. सासूबाईंनी दृष्ट काढली. वर मी यांना गुरुवारचा उपास धरायला लावला. हे तोही करू लागले. इकडे मी गावभर पोरांची वजनं करत फिरत होते आणि घरातल्या माणसाला कधी काट्यावर उभं केलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

एकदा मंचरला बैठक होती आणि माझी एसटी चुकली, म्हणून दुपारच्या फेरीला यांच्याच टेम्पोत बसले. वाटेत एका चिंचेखाली यांनी टेम्पो थांबवला, तशी सावलीतली तीन कुत्री उठून आली. भुंकली नाहीत. यांच्या दाराशी येऊन शेपट्या हलवत बसली. यांचा हात सवयीने डब्याकडे गेला. मग शेजारी मी आहे हे आठवलं असावं. हात परत स्टेअरिंगवर आला. कुत्री वाट बघत बसूनच राहिली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"लई दिस झालं," हे म्हणाले. "तुझ्या सैपाकाचा काय दोष न्हाई. घास तोंडातच फिरतो, खाली उतरत न्हाई. कशातच मन लागत न्हाई. तुला वाईट वाटंल म्हणून डबा धुऊन आणत व्हतो."

मला राग आला. यांचा आला, माझा आला, त्या मुक्या कुत्र्यांचासुद्धा आला. बैठकीला मी गेलेच नाही.

डॉक्टरांनी हे नैराश्य आहे म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. मी विचारलं, वर्षानुवर्षं असं वेळी-अवेळी खाऊन मन खचलं, की मन खचलं म्हणून जेवण सुटलं? ते म्हणाले, आता ते वेगळं करून सांगता येणार नाही, दोन्हीकडून सांभाळावं लागेल. सांभाळते आहे. अंडी उकडते, पालेभाजी करते, समोर बसते. हे माझ्यासाठी दोन घास खातात आणि थकतात. पोरं ऐकत नसली की मी गोष्ट सांगून भरवते. पन्नाशीच्या माणसाला कुठली गोष्ट सांगू?

डबा कुत्र्यांना घालायचा नाही आणि धुवायचा नाही, एवढं मात्र मी कबूल करून घेतलं. आता तो संध्याकाळी जसाच्या तसा येतो. बहुतेक दिवशी दोन्ही भाकऱ्या तशाच असतात, वाळलेल्या. परवा अर्धी भाकरी कमी होती.

ती कुणी खाल्ली, हे विचारायचा मला धीर झाला नाही.