सावडीचा बैल

गावाचा शास्त्रीय अभ्यास झाल्याशिवाय शेतकऱ्याची उन्नती व्हायची नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते उच्चारणारे गृहस्थ आमच्या बाजेवर बसले होते. बाजेची दोरी सैल होती, आणि उन्नतीवर बोलता बोलता ते हळूहळू खाली चालले होते.

ते हैदराबादहून आले होते. अंगात शेरवानी, सोबत शिपाई, आणि शिपायाच्या काखेत उर्दूत छापलेल्या प्रश्नांचा गठ्ठा. आमचं गाव राजूर आणि हसनाबाद यांच्या मधलं, रस्त्यापासून आत. एवढ्या आत कुणी नुसते प्रश्न विचारायला येतं यावर गावाचा विश्वास बसेना. म्हणून पाटलांनी खबरदारी म्हणून हार करून ठेवला होता आणि बऱ्याच जणांनी खबरदारी म्हणून शेळ्या लपवल्या होत्या.

मी तेव्हा जालन्याला शाळेत होतो आणि सुट्टीत घरी आलो होतो. शाळा उर्दू, त्यामुळे साहेबांचं बोलणं मला कळत होतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, निम्मं कळे. उरलेलं निम्मं शेजारी उभे असलेले चाचा सांगत.

चाचा म्हणजे आमच्या बांधाला बांध आणि भिंतीला भिंत असलेले शेतकरी. घरात उर्दू बोलत, बैलांशी मराठी. त्यांच्याकडे एक बैल होता, तांबडा. आमच्याकडे एक, ढवळा. एका बैलानं औत चालत नाही, म्हणून दोन्ही घरांनी बैल एकत्र जुंपायचे आणि दोन्ही रानं करायची. याला आमच्याकडे सावड म्हणतात. नियम एवढाच, की एका वर्षी आधी त्यांचं रान, दुसऱ्या वर्षी आधी आपलं. याचा कागद नव्हता. ढवळा उंच, तांबडा बुटका, त्यामुळे जू कायम एका अंगाला कललेलं असे. चतुर्थीला आमची गाडी राजूरला निघाली की तांबड्यालाही गणपती घडे, आणि चाचांच्या पाहुण्यांत लग्न निघालं की ढवळा वरातीला जाई.

"बैल कितने?" साहेबांनी विचारलं.

"अर्धी जोडी," आबा म्हणाले.

"आधा बैल?"

"बैल पूरा है, हुजूर," चाचा म्हणाले. "जोडी आधी है. बाकी आधी मेरे घर बंधी है."

साहेब हसले आणि त्यांनी 'एक' लिहिलं. मग पीक विचारलं. आबा सांगू लागले: ज्वारी, तिच्यात तुरीचे तास, मधे मूग, कडेनं अंबाडी. साहेबांच्या कागदावर पिकाला जागा एकच होती. त्यांनी 'ज्वारी' लिहिलं. आमचं वर्षाचं वरण आणि भाजी अशी कागदाबाहेर राहिली.

मात्र जाण्यापूर्वी त्यांनी खताचा खड्डा कसा करावा ते सांगितलं. खाली काडीकचरा, वर शेण, वर माती, मधून मधून पाणी. ते खरंच कामाचं होतं, हे मान्य केलं पाहिजे. चाचांनी दोन्ही रानांच्या बांधावर खड्डा खणला. "भाऊ, आता शेणाची बी सावड," ते आबांना म्हणाले. साहेब गेल्यावर हार तसाच राहिला होता. तो तांबड्यानं खाल्ला.

पुढची काही वर्षं बरी गेली. खतानं ज्वारीची कणसं भरू लागली. मी शाळा संपवून परत आलो, पुस्तकं वाचू लागलो आणि घरच्यांच्या दृष्टीनं बिनकामाचा झालो.

मग निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष आलं. आधी हत्यारं घेतलेली पोरं गावोगाव फिरत, तेव्हा आमच्यासारखी घरं दार लावून बसली. मग पावसाळा सरता सरता फौज आली, राज्य गेलं, आणि दारं लावून बसायची पाळी चाचांसारख्यांवर आली. चाचांनी आयुष्यात बैलाच्या चाबकाखेरीज काही हातात धरलं नव्हतं. पण ते कुणी विचारत नव्हतं. प्रश्न विचारायची पद्धत त्या दिवसांत बंद होती.

एका सकाळी ते तांबड्याला घेऊन आले आणि त्यांनी त्याला आमच्या दावणीला, ढवळ्याच्या शेजारी बांधलं.

"भाऊ, जरा बघ याच्याकडं. लेकीकडं जाऊन येतो. पेरणीला आलोच."

"मी येऊ का सोबत?"

"तू आलास तर रानात कुळवाची पाळी कोण फिरवणार? औंदा आधी माझं रान हाय, ध्यानात हाय ना?"

"हाय की."

चाची मायला कोंबड्यांचं सांगत होत्या. माय म्हणाली, "अंडी ठेवते झाकून, तुम्ही येईपर्यंत."

"खा गं," चाची म्हणाल्या. "अंडी किती दिस ठेवशील?"

रब्बीची पेरणी आली. चाचा आले नाहीत. आबांनी थोडे दिवस वाट पाहिली, मग बैल जुंपले आणि चाचांच्या रानात तिफण घातली. बांधावरून जाणाऱ्या एकानं हाक मारली, "आबा, त्याची पेरणी करून राह्यला, मंग त्याची नमाज बी पढून टाका की!"

"नमाज मला येत न्हाई," आबा म्हणाले. "तिफण येते."

घरी माय बोलली. "आपलं रान वाळून चाललं. ओल काय तुमच्यासाठी थांबून राह्यली का?"

"औंदा पाळी त्याची हाय."

"पाळी त्याची, बराबर. पण तो कुठं हाय?"

"तो न्हाई म्हणून पाळी माझी व्हत न्हाई."

आमचं रान पेरलं तेव्हा ओल खोल गेली होती. आबा लेकीच्या गावाला जाऊन आले. चाचा तिथं पोचलेच नव्हते. तिथं लेकही नव्हती. येताना ते हसनाबादच्या बाजारात विचारत आले, मग जालन्याला जाऊन विचारलं. ज्याला विचारावं तो इकडंतिकडं बघून दुसराच विषय काढी. घरी येऊन आबांनी दोन्ही बैलांना पेंड घातली, आधी तांबड्याला.

थंडीत चाचांची ज्वारी डोक्याएवढी झाली आणि आमची कमरेशी थांबली. मायनं बडबडत का होईना, चाचांच्या धान्यासाठी वेगळी कणगी सारवून ठेवली.

त्याच सुमारास नव्या राज्याचे साहेब पाहणीला आले. डोक्यावर पांढरी टोपी, आणि मराठी इतकी शुद्ध की पाटलांनी लगेच हार घातला. आता भाषेची अडचण संपली, असं सगळ्यांना वाटलं. साहेबांनी जुन्या पाहणीचे कागद मराठीत करून आणले होते. ते बाजेवर बसले. दोरी आबांनी मधल्या काळात ओढून घेतली होती, तेव्हा ते वरच राहिले.

"बैल किती?"

"एक माझा," आबा म्हणाले. "दुसरा सावडीचा."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "सावडीचा? कोण गेलं?"

शहरात त्यांच्या घरी हा शब्द एकाच कामी लागत असणार. माणूस जाळल्यावर त्याची राख आणि अस्थी गोळा करतात, त्याला सावडणं म्हणतात. आम्हीही म्हणतो. पण बैल बांधलेला समोर दिसत असताना आम्हाला तो अर्थ कधी आठवला नव्हता. मी समजावून सांगायला तोंड उघडलं. आबांनी हातानं मला थांबवलं. ते बराच वेळ दावणीकडे बघत राहिले.

"तेच कळंना, साहेब," ते म्हणाले.

साहेब माणूस वाईट नव्हते. टोपी काढून ते थोडा वेळ गप्प बसले. मायनं आत पदर तोंडाला लावला. चाचा गेल्यापासून या घरात कुणी त्यांच्यासाठी असं गप्प बसलं नव्हतं, कारण तसं बसणं म्हणजे ते मान्य करणं.

मग साहेबांनी टोपी घातली आणि लेखणी उचलली.

"पण दावणीला आज किती आहेत?"

"दोन."

"मागच्या पाहणीत एकच होता," जुना कागद बघत ते म्हणाले. "आता पूर्ण जोडी. उन्नती आहे."

त्यांनी 'दोन' लिहिलं आणि पुढच्या घराकडे निघाले. शेजारच्या दाराला कुलूप होतं, त्यामुळे ते घर पाहणीत आलं नाही.