अरूला विश्रांतीसाठी नेलं तेव्हा

भोर मागे पडलं, अरूच्या मोबाइलची रेंज गेली आणि माझा जीव भांड्यात पडला.

अरू म्हणजे अरविंद, माझा धाकटा भाऊ. चिंचवडला त्याचा पाइपांचे जोड बनवण्याचा कारखाना होता. पत्र्याच्या एका शेडमधून सुरुवात करून त्याने तो उभा केला होता आणि आता परदेशी कंपनीच्या भागीदारीत दुसरा कारखाना काढायच्या खटपटीत तो होता. त्या हिवाळ्यात त्याला हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "काम निम्म्यावर आणलं नाही, तर औषधं एकटी काही करू शकणार नाहीत." मला अशासाठी सांगितलं, की घरात त्याच्यापुढे तोंड उघडणारी मी एकटीच. मी मास्तरीण होते, निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. शिमग्याला गावी जायचं असं मी ठरवूनच टाकलं. मनीषा म्हणून त्याच्या हाताखाली तयार झालेली एक हुशार बाई होती, निम्मा कारखाना तीच बघायची. उरलेला निम्मा तिच्यावर सोपवावा आणि माझ्या भावाने जगावं, याहून माझं काही मागणं नव्हतं.

वरंधा घाटात गाडी तापली. ड्रायव्हर गणपत बॉनेट उघडून पाणी ओतत बसला आणि आम्ही वाघजाईच्या देवळाशेजारच्या टपरीवर कांदाभजी घेतली. पहिला घास तोंडात जायच्या आत एका माकडाने अरूच्या हातातला भज्यांचा कागदच ओढून नेला. टपरीवाला हसून म्हणाला, "सायेब, तो टोलनाका हाय. दिल्याबिगर गाडी सोडत नाय." अरूही हसला. खाली दरीत पानगळ झालेलं तपकिरी रान पसरलं होतं, मध्येच एखादी काटेसावर लालभडक फुललेली. "किती वर्षांनी येतोय मी इथे," असं म्हणत त्याने खिशातून मोबाइल काढून पुन्हा रेंज पाहिली.

महाडला मुक्काम केला आणि सकाळी जवळच्या सव गावाला गेलो. सावित्रीच्या काठाजवळ गरम पाण्याची कुंडं आहेत. अंगदुखीवर गुण येतो म्हणून लांबून लोक येतात. गंधकाचा वास आधी नाकात जातो, मग काही वेळाने कळेनासा होतो. अरू पाण्यात उतरला तो घड्याळ काठावर, डोळ्यांसमोर ठेवून. गेलं वर्षभर तो ध्यानधारणेच्या मागे लागला होता. शिबिरं केली होती, पहाटे प्राणायाम करायचा, वहीत नाडीचे ठोके लिहायचा. मी त्याला म्हणायचे, तू ध्यानातसुद्धा पहिला नंबर काढशील. आताही डोळे मिटून तो ताठ बसला होता आणि मधूनच एक डोळा किलकिला करून घड्याळ बघत होता.

काठावर गुडघे भिजवत बसलेल्या एका म्हातारीने मला विचारलं, "भाऊ काय गो तुजा?"

"हो."

"त्याला कुटं जायाचं हाय?"

"कुठेच नाही, आजी. विश्रांतीला आणलंय त्याला."

"आस्सं," म्हणून तिने त्याच्याकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं आणि स्वतःच्या गुडघ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं. मी हं हं करत राहिले, पण लक्ष अरूच्या पाठीकडे होतं. फासळ्या मोजता येतील इतका तो वाळला होता. शर्टाच्या आत हे सगळं असं झालेलं मला माहीतच नव्हतं. मला भडभडून आलं आणि मी तोंडावर पाणी मारून घेतलं.

पोलादपूरहून आमच्या वाडीकडे कच्चा रस्ता आहे, तोही डोंगराच्या पायथ्याच्या गावापर्यंतच. तिथल्या किराणा दुकानात फोन होता. अरूने तो नंबर ऑफिसात आधीच देऊन ठेवला होता, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. गणपतला गाडीपाशी ठेवून आम्ही दमादमाने वर चढलो. वाडीच्या माथ्यावरून समोर कशेडी घाट दिसतो, त्यावरून ट्रक मुंगीच्या चालीने सरकत असतात. चुलतभाऊ सखारामदादा खळ्यात (सारवलेल्या अंगणात) आमचीच वाट पाहत उभा होता. एरवी वाडीत म्हातारी माणसं आणि गुरं, पण शिमग्याला मुंबईची पोरं आल्यामुळे घराघरांतून हिंदी गाण्यांच्या कॅसेटी वाजत होत्या.

"आलास काय रे अरू! यंदा तरी पैला खांदा तुजाच."

आमच्या वाडीत शिमग्याला देवीची पालखी घरोघर फिरते. पालखी उचलताना पहिला खांदा देण्याचा मान आमच्या घराचा. एवढी वर्षं आमच्या वतीने तो सखारामदादाच द्यायचा. मी त्याला बाजूला घेऊन अरूच्या दुखण्याचं सांगितलं. तो कानामागची विडी काढून हातात फिरवत राहिला. "नुसता हात लावू दे. वज्जं आमी घेतू," म्हणाला. वहिनीने तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी (हुलग्याचं पातळ पिठलं) वाढली. अरूने दोनदा मागून घेतली. तो जेवला तेवढ्यानेही मला धीर आला.

धुळवडीच्या सकाळी ढोल वाजला. पालखीच्या दांडीखाली पुढे दोघे, मागे दोघे. या खांदेकऱ्यांची (पालखी वाहणाऱ्यांची) एक रीत आहे. खांद्यावर पालखी असलेल्याने आपण दमलो असं म्हणायचं नाही. मागून चालणारा त्याच्या पावलांवर नजर ठेवतो, पाऊल जड पडायला लागलं की पाठीवर थाप मारतो आणि खांदा पुढे करतो. थाप पडली की दांडीखालून निघायचं, एक अक्षर बोलायचं नाही. पालखी तेवढ्यापुरतीसुद्धा थांबत नाही.

अरूने खांदा दिला. नुसता हात लावायचं बाजूलाच राहिलं, त्याने दांडी चांगली मानेशी ओढून घेतली आणि चालायला लागला. चेहऱ्यावर लहानपणी शर्यत जिंकताना असायचं तसं हसू. मी बायकांच्या घोळक्यातून त्याच्या बरोबरीने चालत होते. पहिलं घर झालं. दुसऱ्या घराच्या चढावर सखारामदादाची थाप पडली. अरू निघाला नाही. पुन्हा थाप पडली. अरू मान न वळवता म्हणाला, "होतंय, दादा. होतंय मला." ढोलवाला क्षणभर अडखळला. मागचे दोघे एकमेकांकडे बघायला लागले, कारण असं कुणी करत नाही. तेव्हा सखारामदादाने स्वतःचा खांदा आत घातला, दुसऱ्या हाताने अरूचा दंड धरला आणि त्याला सरळ बाहेर ओढलं. पालखी पुढे गेली.

अरूचा चेहरा लाल झाला होता. "सगळ्यांसमोर ओढलं मला," तो मला म्हणाला. त्याला धाप लागली होती, ओठ पांढरे पडले होते. मी गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली आणि आमच्या पडवीत घोंगडी टाकून त्याला आडवं केलं. माझ्यावर, दादावर, देवीवर चिडत चिडतच त्याचा डोळा लागला.

अरूला भर दुपारी झोपलेलं मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. तोंड उघडं, एक हात घोंगडीबाहेर, पायावर माशी बसली तरी पत्ता नाही. वहिनी पुरणपोळीचं ताट घेऊन आली, मी खुणेनेच परत पाठवलं. गुलाल उडवत आलेल्या मुंबईकर पोरांना डोळ्यांनीच दटावलं. त्याच्या उशाशी बसून पदराने वारा घालताना मला आई आठवत होती आणि रडू येत होतं. त्याने असंच झोपून राहावं, असं वाटत होतं.

तेवढ्यात गणपत धापा टाकत वर आला. "बाई, दुकानात ऑफिसचा फोन आला होता. परदेशी पाहुणे एक दिवस आधीच आलेत. साहेबांनी ताबडतोब फोन करावा म्हणून मनीषा मॅडमनी सांगितलंय."

"झोपलाय तो."

"साहेब माझ्यावर ओरडतील, बाई."

"माझं नाव सांग. आणि मॅडमना कळव, तुम्हीच बघा."

गणपत घुटमळला आणि उतरून गेला. अरूला उठवावं की नाही, असा विचार एकदाही माझ्या मनात आला नाही.

उन्हं उतरल्यावर तो जागा झाला. मी सगळं सांगितलं. तो चप्पल घालून डोंगर उतरायला लागला. मी मागून "हळू, हळू" म्हणत कशीबशी गेले. दुकानात त्याने फोन लावला. त्या खोक्याएवढ्या जागेत मनीषाचा आनंदी आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. पाहुण्यांनी कारखाना पाहिला होता, जेवण झालं होतं, बोलणी जमली होती. शेवटी ती म्हणाली, "सर, तुम्ही काही काळजी करू नका. मस्त आराम करा."

अरू "छान, छान" म्हणाला आणि फोन ठेवून गाडीत जाऊन बसला.

मला आनंद लपवता येत नव्हता. "बघ, झालं की नाही सगळं?"

"हो," तो म्हणाला. "माझ्यावाचून झालं, ताई." आणि तो रडायला लागला. बाबा गेले तेव्हाही न रडलेला माणूस गाडीच्या काचेला कपाळ टेकून रडत होता. गणपत खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला. मी अरूच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी घाट चढून आम्ही परतलो. भोर आलं, रेंज आली आणि त्याचा फोन वाजायला लागला. पुढच्याच आठवड्यापासून मनीषाकडचा प्रत्येक कागद तो पुन्हा स्वतः पाहायला लागला, अगदी पूर्वी तिच्यावर सोपवलेलासुद्धा. आपण नसलो तरी काही अडत नाही, हे त्याला आजारापेक्षा जड गेलं. श्रावणात तो गेला, ऑफिसातच, खुर्चीत बसल्या बसल्या.

लोक विचारतात, त्या प्रवासाचा त्याला काही उपयोग झाला का? एक दुपार तो शांत झोपला, एवढं मी सांगते. गाडीतल्या रडण्याबद्दल कुणाला सांगत नाही. कारण तो रडत होता तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवून मी मनातल्या मनात देवीचे आभार मानत होते. मला वाटलं होतं, आता हा वाचला.